तीस-सत्तावीस दोन्ही बाजूंनी, कसं काय?

भारताच्या पूजा तोमरच्या अमेरिकेतल्या लुईव्हिलमधल्या एमएमए (पिंजऱ्यात होणारी मिश्र मार्शल आर्ट्स) लढतीवरून (जून २०२४) एका लेखात पंचांना सरळ आंधळं ठरवलंय, ते मला पटलं नाही. एका पंचाने ३०-२७ पूजाला दिले, दुसऱ्याने तेवढेच तिची प्रतिस्पर्धी रायन दोस सांतोसला आणि तिसऱ्याच्या २९-२८ वर पूजा जिंकली. आकडे विचित्र दिसतात हे मान्य. पण गुण पूर्ण लढतीला नसतात हो, प्रत्येक फेरीला वेगळे असतात. फेरी केसभर फरकाने जिंका नाहीतर चांगली हातभर, बहुतेक वेळा मिळतात १०-९ च (जिंकणारीला १०, हरणारीला ९). १०-८ साठी समोरच्याची पार दैना उडवावी लागते. मग तिन्ही फेऱ्या अटीतटीच्या झाल्या की दोन प्रामाणिक पंचांची पानं अगदी उलटी निघू शकतात. त्यात तिघे पिंजऱ्याच्या वेगवेगळ्या बाजूंना बसतात. एकाला पोटावर बसलेली लाथ दिसते, दुसऱ्याला फक्त पाठ.

आणखी एक. "दोस सांतोस सतत पुढे येत होती" हा लेखातला मुद्दा नियमात फार खाली येतो. आधी बघायचं कुणाच्या माऱ्याचा किंवा पकडीचा खरा परिणाम झाला. तिथे अगदी बरोबरी असेल तरच आक्रमकता, आणि तीही सारखी असेल तर पिंजऱ्यावरचा ताबा. नुसतं खाली पाडून धरून ठेवलं तरी फारसं पदरात पडत नाही.

राग पंचांवर काढण्यापेक्षा गुण फेरीगणिक जाहीर करा अशी मागणी करू या. अमेरिकेत कॅन्ससमध्ये इन्व्हिक्टा या महिलांच्या एमएमए लढती भरवणाऱ्या संस्थेने २०२० मध्येच ते करून दाखवलंय.