ती यादी सरकारी नाही, फॉरवर्ड करू नका

राजारामपुरीपासून कळंब्यापर्यंत सगळ्या ग्रुपवर मेसेज फिरतोय की सरकारनं लैंगिक गुन्हेगारांचं रजिस्टर सगळ्यांसाठी खुलं केलंय आणि ही बघा आपल्या कोल्हापूरची नावं. हे खरं नाही. रजिस्टर आहे, केंद्रीय गृह मंत्रालयानं २० सप्टेंबर २०१८ ला सुरू केलंय, सुरुवातीलाच त्यात ४ लाखांवर नोंदी होत्या, पण ते फक्त पोलीस आणि तपास यंत्रणांनाच बघता येतं, तुम्हाला मला नाही. अमेरिकेत अशी यादी लोकांना ऑनलाइन दिसते, तिथलंच ऐकून कुणीतरी इथं जोडलेलं दिसतंय.

आपल्याकडं रजिस्टर सांभाळतं एनसीआरबी, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरो. माहिती भरायची राज्याच्या पोलिसांनी आणि ते ती वेळेवर भरतात का यावर लक्ष ठेवायचं काम ब्युरोचं. आता विचारायचंच असेल तर हे विचारा ना, की नोंदी वेळेवर होतात का, चुकीची नोंद दुरुस्त कोण करतं. ते सोडून आपण नुसती नावं पसरवतोय, आणि एकाच गल्लीत पाटलांची चार घरं असतात ओ, भलत्याच माणसाच्या दारात जमाव गेला तर?

पोरांची काळजी मलाही आहे, माझीबी लेक शाळेत जाते. पण खरंच काही कळलं असेल तर ११२ ला लावा, लहान मुलाचं असेल तर १०९८, आणि पीडित मुलीचं नाव तर कुठंच टाकू नका, तो गुन्हा आहे.