कराडच्या लोहवाण्याचं खाडीकाठचं लेणं

आमचं कराडला लोखंडाचं दुकान आहे. सळई, पत्रा, अँगल, खिळे, बाइंडिंग तार. आजोबांनी सुरू केलं, आबांनी वाढवलं, आता गल्ल्यावर मी बसतो. दुकानाच्या गच्चीवरून आगाशिवचा डोंगर दिसतो. त्यात साठाहून जास्त बौद्ध लेणी आहेत हे कराडच्या पोराला शाळेपासून माहीत असतं. श्रावणी सोमवारी वरच्या महादेवाला जाताना आम्ही त्यांत बसून डबे खाल्लेत. पण एवढी लेणी इथं कुणाच्या पैशानं कोरली गेली, हा प्रश्न मला पन्नाशी जवळ आल्यावर पडला, आणि तोही श्रीलंकेत, समुद्राकाठच्या एका खडकापुढं उभा असताना.

जानेवारीत आम्ही दोघं तिकडं गेलो होतो. एक अख्खा दिवस दक्षिण किनाऱ्याला दिला. गॉलहून सकाळी गाडी केली आणि समुद्र उजव्या हाताला ठेवून पूर्वेकडं निघालो.

गॉलचा किल्ला आपण क्रिकेटच्या मॅचमध्ये टीव्हीवर पाहिलेला असतो, मैदानामागं दिसतो तोच. पोर्तुगीजांनी १५८८ मध्ये बांधायला घेतला, १६४० मध्ये डचांनी जिंकून नव्यानं मजबूत केला. जुन्या दरवाज्यावर आतल्या बाजूला डच कंपनीचं चिन्ह आहे, दोन सिंह, वर कोंबडा आणि १६६९ हे साल. आत आजही माणसं राहतात, शाळा भरते, कपडे वाळत घातलेले असतात. अजिंक्यताऱ्याच्या जिल्ह्यातल्या माणसाला किल्ला नवा नाही, पण नांदता किल्ला पाहून बरं वाटलं.

मी अडकलो तो तिथल्या जुन्या वखारीतल्या सागरी संग्रहालयात. ‘अ‍ॅव्हॉन्डस्टर’ नावाचं डच जहाज १६५९ मध्ये याच बंदरात बुडालं. वादळ नाही, लढाई नाही. नांगर टाकून उभं असताना रात्री नांगर सुटला, जहाज वाहत जाऊन वाळूच्या पट्ट्यावर आदळलं. त्याच्या वस्तू समुद्रात बुड्या मारणाऱ्या पुरातत्त्वज्ञांनी वर काढल्या, आणि २००४ च्या सुनामीनं त्यातल्या काही पुन्हा समुद्रात ओढून नेल्या. समुद्रातलं लोखंड वर काढून नुसतं ठेवलं तर आतलं मीठ त्याला खात राहतं, पापुद्रे सुटतात, तुकडे पडतात. म्हणून ते महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं पाण्याच्या टाकीत ठेवून मीठ काढून घ्यावं लागतं. पावसाळ्यात ताडपत्रीखाली सळई सांभाळणाऱ्या माणसाला ते वाचून काय वाटलं असेल ते समव्यवसायी जाणतील. बायको म्हणाली, “अहो चला, अजून तीन ठिकाणं राहिलीत.”

वेलिगम. सिंहलीत वेलि म्हणजे वाळू आणि गम म्हणजे गाव. तिथं रस्त्याकडेच्या एका मोठ्या शिळेत माणसापेक्षा उंच मूर्ती कोरलेली आहे, डोक्यावर उंच मुकुट. नाव कुष्ठराजगल. आपल्याला फोड करून सांगावी लागत नाही, कुष्ठ आलं, राजा आला, गल म्हणजे दगड. परदेशातून आलेला एक राजा नारळपाण्यावर राहून इथं बरा झाला अशी गोष्ट सांगतात. अभ्यासक मात्र बहुधा ही अवलोकितेश्वराची मूर्ती मानतात. अवलोकितेश्वर म्हणजे संकटात हाक मारली की धावून येणारा, आणि त्या संकटांत जहाज बुडणं हे एक ठरलेलं संकट. आपल्याकडं औरंगाबादच्या सातव्या लेण्यात त्याच्या बाजूला बुडतं जहाज आणि हात जोडलेली माणसं कोरलेली आहेत. समुद्रापासून इतक्या आत! ज्यांचा माल समुद्रावर होता त्यांचा जीव तिथं टांगलेला होता, मग राहायला ते कुठंही असोत.

पुढं देविनुवर, म्हणजे देवनगर. लंकेचं दक्षिण टोक. ४९ मीटर उंच दीपगृह आहे. इथल्या विष्णूचं देऊळ खलाशांत इतकं मोठं होतं की चिनी दर्यासारंग झेंग ह यानं १४०९ सालचा जो शिलालेख लंकेत आणला, त्यात चिनी मजकूर बुद्धाला, तमिळ मजकूर या देवाला आणि फारसी मजकूर अल्लाला वाहिलेला आहे. तिघांनाही सोनं-चांदी, रेशीम, सुगंधी तेल. तो दगड १९११ मध्ये गॉलमध्ये सापडला, आता कोलंबोला आहे. देविनुवरचं जुनं देऊळ १५८८ मध्ये पोर्तुगीजांनी उद्ध्वस्त केलं.

शेवटी गोडवाय. हंबनटोटाच्या अलीकडं, वळवे नदीच्या मुखाजवळचं लहानसं गाव. पर्यटक जवळजवळ नाहीत. खडकावर विहार, खाली समुद्र, आणि खडकावर ब्राह्मी अक्षरं. दुसऱ्या शतकातल्या गजबाहू राजाच्या काळचा हा लेख सांगतो की या बंदराची लहानमोठी जकात विहाराला दिली आहे. बंदराला शब्द आहे ‘पटन’, जकातीला ‘सुक’. पट्टण आणि शुल्क! मी तिथं चपला काढून उन्हात उभा होतो आणि दोन हजार वर्षांपूर्वीचं जकात नाक्याचं खातं वाचत होतो. जहाज आलं, माल उतरला, जकात भरली, त्यातून भिक्खूंच्या जेवणाची सोय झाली. व्यापार आणि धर्म एकाच वहीत.

याच गावासमोर, सुमारे ३० मीटर पाण्याखाली, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचं बुडालेलं जहाज आहे. हिंदी महासागरात सापडलेल्यांत ते सगळ्यांत जुनं मानतात. काचेच्या लाद्या, दगडी पाटे आणि गंजून दगड झालेला धातूचा ढीग. आणि याच वळवे नदीच्या वरच्या खोऱ्यात, समनलवेवाला, डोंगराच्या पश्चिम उतारावर लोखंड गाळायच्या जुन्या भट्ट्या सापडल्यात. त्यांना भाता नव्हता. मोसमी वारा हाच भाता. जिल जुलेफ या पुरातत्त्वज्ञ बाईंनी तशी भट्टी पुन्हा बांधून, वाऱ्यावर चालवून, त्यातून पोलाद काढून दाखवलं. १९९६ मध्ये ते जगापुढं आलं. जो वारा जहाजं हाकायचा तोच लोखंड वितळवायचा. हे वाचल्यापासून माझ्या डोक्यातून ते जात नाही.

आता कराडला येतो, कारण मला बोलायचंय ते कराडबद्दल.

रायगड जिल्ह्यात राजपुरीच्या खाडीजवळ कुड्याची लेणी आहेत. तिथल्या एका लेखात दात्याचं नाव आहे महिक. राहणार करहाकड, म्हणजे आपलं कराड. धंदा लोहवाणिय. लोखंडाचा व्यापारी! त्यानं दिलेलं दान म्हणजे एक लेणं. शब्दही तोच, ‘लेण’. कराडच्या लोखंडवाल्यानं सह्याद्री उतरून खाडीकाठी लेणं कोरून दिलं, ते उगीच नाही. त्याचा माल त्या वाटेनं जात-येत असणार असं मी धंद्याच्या अनुभवावरून म्हणतो. ज्या गावी उधारी-वसुली असते, जिथं चार माणसं नावानं ओळखतात, तिथंच माणूस देवाधर्माला हात सैल सोडतो. तिकडं मध्य प्रदेशात भारहुतच्या स्तूपावरसुद्धा करहकट नगराचं, म्हणजे कराडचंच, दान कोरलेलं आहे.

आणि आपण म्हणतो, कराड म्हणजे घाटावरचं गाव, समुद्राशी काय संबंध. आजोबा सांगायचे, चिपळूणच्या खाडीत गलबतं लागायची आणि कुंभार्ली घाटानं मीठ आणि सुकी मासळी वर यायची. आगाशिव त्या वाटेच्या तोंडाशी उभा आहे. समुद्रापासून तोडून त्याच्याकडं पाहिलं की तो नुसत्या रिकाम्या खोल्यांचा डोंगर वाटतो. मागच्या पावसाळ्यात एका सहलीतली पोरं लेण्याच्या भिंतीवर खडूनं नावं लिहीत होती. मी ओरडलो. नंतर वाटलं, त्यांना महिकाचं नाव कुणी सांगितलं असतं तर स्वतःचं लिहायला हात धजला नसता.

माझं म्हणणं एवढंच, की कराड-पाटणच्या प्रत्येक शाळेची एक सहल आगाशिव आणि कुडा अशी जोडीनं निघावी. आगाशिवच्या पायथ्याला महिकाचा लेख मराठीत लिहिलेला असावा. खर्च कितीसा? पत्रा, अँगल आणि रंग. पत्रा-अँगल माझ्याकडून, रीतसर परवानगी काढायला कुणी सोबत आलं तर.

आल्यावर आबांना सगळं सांगितलं. चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, कान जड झालेत. महिकाचं दोनदा सांगावं लागलं. मग बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “माल कुठनं उचलायचा रं त्यो?”

येत्या रविवारी पहाटे चारला आम्ही कुड्याला निघतोय. गाडीत दोन जागा आहेत, यायचं असेल त्यांनी दुकानावर सांगा. आबांनी बॅटरी आणि काठी आत्ताच दाराशी काढून ठेवली आहे.