पट्टा जुना करायलोय

'होता जिवा म्हणून वाचला शिवा' हे सगळ्यांना पाठ. पण ज्या सय्यद बंडाचा हात त्या जिवा महालानं तोडला, त्याची कुणी साधी चौकशी करत नाही. आमच्या कॉलनीनं ६ जूनला, शिवराज्याभिषेक दिनाला, प्रतापगडाचा प्रसंग बसवायचं ठरवलं, तेव्हा बंडा अर्थातच माझ्या वाट्याला आला. एकूण वाक्यं दोन, त्यातलं एक नुसतं ओरडणं. 'तुला पाठांतराचं काम नाही, तू पट्ट्याचं बघ,' म्हणून दिग्दर्शकानं ऑनलाइन मागवलेला दांडपट्टा माझ्या गळ्यात मारला. ज्यानं माझा हात तुटायचा, त्याची सेवाही मीच करायची.

दांडपट्ट्याला कोपरापर्यंत हात झाकणारा पत्र्याचा खोबळा असतो, आत आडवी मूठ, पुढं लांबलचक लवचीक पातं. २०२४ साली सरकारनं त्याला राज्यशस्त्राचा मान दिला. आमच्या पट्ट्याला मात्र धार नव्हती आणि वरून क्रोम होतं. खोक्यातून काढला तर ट्यूबलाइट लावायची गरज उरली नाही. दिग्दर्शक दिवसा टॉवेलचा व्यापार करतो, त्यामुळं मालाकडं बघायची नजर तयार. म्हणाला, 'हे काय बे? बँडवाल्याचं ट्रम्पेट आणलंय का? १६५९ सालचं दिसाय पाहिजे.'

माझा एक मेहुणा चिपळूणला असतो. त्यानं फोनवर उपाय सांगितला, 'अंगणात टाकून ठेवा, आठ दिवसांत गंजेल.' गंजेल तिकडं! गंजायला हवेबरोबर पाणी लागतं, आणि मे महिन्यातल्या सोलापुरात दोरीवरची चादर दुसरं टोक पिळेपर्यंत वाळते. मिठाचं पाणी शिंपडावं म्हणून बादलीला हात लावला तर आई ओरडली, 'चार दिवसांनी नळ येतो, आणि तू लोखंड गंजवायलास?'

मग मधल्या मारुतीजवळ हार्डवेअरच्या दुकानात गेलो.

'कशाला मारायचाय रंग?'

'जुनं दिसायला.'

दुकानदारानं चष्म्यावरून बघितलं. 'लोक नवं दिसायला नेतात.' तरी त्यानं डबे काढले, आणि वर एक शहाणपणाची गोष्ट सांगितली: क्रोमवर रंग बसत नाही, आधी ४०० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासा, थिनरनं तेलकटपणा पुसा, प्रायमर मारा, मग काय तो खेळ करा. मी घाईत घासायचं राहू दिलं आणि थेट काळा रंग मारला. रात्री नखानं सहज टोकरलं तर केळ्याच्या सालीसारखा अख्खा पापुद्रा निघून आला. मग घासलं. दोन दिवस घासलं. शेजारच्या काकूंना वाटलं आमच्याकडं कल्हईवाला बसलाय.

प्रायमर म्हणून रेड ऑक्साइड मिळालं. ते मारल्यावर पट्टा हुबेहूब खिडकीच्या ग्रिलसारखा दिसायला लागला. त्यावर काळा स्प्रे मारायला मी दुपारी दोन वाजता गच्चीवर गेलो. या वाक्यातली चूक सोलापूरकरांच्या लगेच लक्षात येईल. पारा ४३ वर. रंग डब्यातून ओला सुटायचा आणि पट्ट्यावर कोरडा पोचायचा. वाटेतच वाळून त्याची पूड व्हायची. खोबळ्यावर वाळू चिकटवल्यासारखं झालं, आणि माझे तळवे इतके भाजले की मी एका पायावर उभं राहून रंगवत होतो. पुन्हा पेपर, पुन्हा घासणं. पुढचा हात पहाटे मारला.

आता पट्टा एकसारखा काळा झाला. दिग्दर्शक म्हणाला, 'तवा झाला बे.'

डोकं धरून बसलो होतो. समोर आईचा पानाचा डबा उघडा पडलेला. त्यातला अडकित्ता आजीचा. सहज हातात घेतला. आतल्या बाजूला, सांध्यात, कोपऱ्यात काळं किटण. पण जिथं अंगठा टेकतो, तिथं लोखंड इतकं गुळगुळीत की उजेड पडला की लकाकतं. पात्याची कड तर चांदीसारखी. म्हणजे काळं व्हायचं ते हात पोचत नाही तिथं, आणि जिथं रोज हात लागतो तिथं उजळायचं. मी बरोबर उलटं करत होतो.

मग गाडी रुळावर आली. पातळ केलेला तपकिरी रंग खाचाखोचांत सोडला आणि वरचा वर चिंधीनं पुसून घेतला. ब्रश चंदेरी रंगात बुडवून वर्तमानपत्रावर कोरडा होईपर्यंत पुसला आणि नुसत्या कडांवरून, मुठीवरून हलकेच फिरवला. जुन्या टूथब्रशनं चार शिंतोडे. शेवटी चमक घालवणारं मॅट लॅकर. मला स्वतःलाच भरून आलं. दिग्दर्शक मात्र मान तिरकी करून म्हणाला, 'बरंय. पण रंगवल्यासारखं दिसतंय.'

प्रयोगाच्या दिवशी सकाळी बघतो तर पट्ट्याला हळदीकुंकू! तेही तेलात कालवून, बोटांनी, पात्यापासून खोबळ्यापर्यंत. आई शांतपणे म्हणाली, 'शस्त्र आहे. तसंच कसं पाठवायचं?' मी फडकं शोधायला धावलो, तेवढ्यात दिग्दर्शक दारात. खाचांत उतरलेली हळद, कडेला ओघळलेलं कुंकू बघून तो ओरडला, 'पुसू नको बे! हेच पाहिजे होतं!' माझ्या तीन आठवड्यांबद्दल अवाक्षर नाही.

रात्री जिवानं पट्टा फिरवला, माझ्या दंडावर टेकवला, मी ठरलेलं ओरडलो. आणि पांढऱ्या अंगरख्यावर बरोबर दंडावर लाल-तपकिरी पट्टा उमटला. टाळ्या थांबेनात. बंडाला टाळ्या पहिल्यांदाच मिळाल्या असतील.

दुसऱ्या दिवशी ड्रेपरी परत करायला गेलो. दुकानदारानं अंगरखा उलगडला, दंडावर बोट ठेवलं.

'हे काय?'

'आधीपासूनच होतं की. जुना डाग आहे.'

त्यानं नखानं टोकरलं, नाकाला लावून वास घेतला, आणि डिपॉझिटमधून दोनशे रुपये काढून गल्ल्यात टाकत म्हणाला, 'जुनं असं दिसत नसतंय, साहेब.'