गिटारवाले वेगळे, मशीनवाले वेगळे? कसलं काय!

परत तोच मेसेज फिरतोय, या खेपेला तीन ग्रुपवर आला. म्हणे साठच्या दशकातल्या सायकेडेलिक, म्हणजे नशेतल्यासारखी तंद्री लावणाऱ्या, रॉकचा आणि आजच्या इलेक्ट्रॉनिक म्युझिकचा काडीचा संबंध नाही, ते खरंखुरं लाइव्ह वाजवायचे, हे नुसती बटणं दाबतात, ते गिटारवाले, हे मशीनवाले, आणि सगळं सुरू झालं क्राफ्टवर्क या जर्मन बँडपासून.

लाइव्हचंच आधी घेऊ. बीटल्सचं 'टुमॉरो नेव्हर नोज', एप्रिल १९६६. खाली तानपुरा लावल्यासारखा एकच सूर धरलाय, रिंगोचा ड्रम तेच तेच घोळवतोय आणि वरून टेपचे लूप (टोकं जोडून गोल केलेल्या, तेच तेच वाजत राहणाऱ्या पट्ट्या), मॅकार्टनीने घरी बनवलेले. स्टुडिओतल्या वेगवेगळ्या मशीनवर ते एकाच वेळी फिरत होते, टेप ताणलेली रहावी म्हणून माणसं पेन्सिली धरून उभी, आणि इकडे मिक्सरवर फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायचे खटके, वर-खाली करत कुठला लूप कधी ऐकू येणार ते जागच्या जागी ठरत होतं. आता डीजे यापेक्षा वेगळं काय करतो ते सांगा ना! आणि हे गाणं बीटल्सनी स्टेजवर एकदाही वाजवलेलं नाही, झालं तुमचं लाइव्ह. ३० वर्षांनी केमिकल ब्रदर्स या इलेक्ट्रॉनिकवाल्या जोडीने 'सेटिंग सन' काढलं, त्यातला ड्रम ऐका, मग बोलू.

गिटारचं म्हणाल तर न्यूयॉर्कचे सिल्व्हर ॲपल्स, १९६८चा पहिला अल्बम, एक जण ड्रमवर आणि दुसरा ऑसिलेटरांच्या, म्हणजे विजेवर सूर काढणाऱ्या यंत्रांच्या, ढिगाऱ्यामागे. पुढचं मी बोलत नाही.

क्राफ्टवर्कचं अर्धं खरंय, त्यांचं ऋण कोण नाकारतंय. पण १९७०च्या त्यांच्या पहिल्या रेकॉर्डवर बासरी आणि ऑर्गन आहे हो, 'ऑटोबान' आलं १९७४ला. बर्लिनचे टँजरीन ड्रीम तर १९६७ला सायकेडेलिक रॉक बँड म्हणूनच सुरू झाले, सिक्वेन्सर (सूर आपोआप ओळीने वाजवणारं यंत्र) नंतर आला.

हां, सगळंच रॉकवाल्यांनी शोधलं असंही नाही. रेकॉर्ड केलेले आवाज जोडून संगीत करणं पॅरिसमध्ये पिएर शेफरने १९४८लाच केलेलं, आणि ती धाडधाड चार ठोक्यांची किक (मोठ्या ड्रमचा ठोका) आली डिस्कोतून. रॉककडून आली ती स्टुडिओलाच वाद्य करायची खोड, आणि ऐकणाऱ्याला तंद्री लागेपर्यंत एकच गोष्ट चालू ठेवायची हिंमत.

आणि गंमत बघा, मेसेजला फोटो कुठला लावलाय तर गोव्यातल्या हणजूणच्या पार्टीचा! तिथला डीजे गोवा गिल आला कुठून, तर सॅन फ्रान्सिस्कोहून, साठच्या दशकातल्या हिप्पी-रॉकच्या गर्दीतून. त्या किनाऱ्यावर आधी रॉकच वाजायचं, इलेक्ट्रॉनिकच्या कॅसेटी आल्या ऐंशीच्या दशकात, आणि त्या लावणाऱ्यांत हाच गिल पुढे होता.