आधी कागद सांभाळा

आज सकाळी बडोद्यात दांडिया बाजारात शेवउसळ खाताना भाच्यानं मोबाइल पुढे केला. दमास्कसजवळचा सेदनाया तुरुंग, डिसेंबर २०२४. सीरियाचा हुकूमशहा असद पळालेला, कोठड्या उघडलेल्या, आणि माणसं कागदांच्या ढिगांवरून धावतायत. "अरे, तुडवतायत बघ!" म्हटलं, तर म्हणतो, "मामा, माणूस पळाला ना? कागदांचं काय घेऊन बसलात!"

तेव्हापासून डोकं फिरलंय.

अरे, कुणाला कधी उचललं, कुठल्या कोठडीत टाकलं, कुणाच्या सहीनं, प्रेत कुठं नेलं, हे सगळं तिथंच लिहिलेलं असतं. ते गेलं की सही करणारा खुशाल बाजारात भाजी घेत फिरतो.

एरफुर्टच्या बायकांना हे बरोबर कळलं होतं. ४ डिसेंबर १९८९. पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांच्या, श्टाझीच्या कचेरीतून धूर दिसला आणि त्या तडक आत शिरल्या. मोडतोड नाही. सरकारी वकील बोलावला, खोल्यांना सील, दाराशी नागरिकांचा पहारा. बर्लिनच्या मुख्य कचेरीत लोक पोचायला मात्र १५ जानेवारी १९९० उजाडला. तोवर फाडाफाडी चालूच. यंत्रं बंद पडली तर हातानं फाडलं. सुमारे १६,००० पोती तुकडे!

ती पोती उपडी करायची नसतात. एका टेबलावर फाडलेलं बहुतेक एकाच थरात पडलेलं असतं, म्हणून थराथरानं उचलायचं. मग कागदाचा रंग, शाई, फाटलेली कड जुळवत बसायचं. १९९५ पासून माणसांनी हातानं जेमतेम ५०० पोती लावली.

म्हणून पहिल्या दिवशीचं काम नीट व्हावं लागतं. आधी खोलीचा फोटो, मग कपाटाचा, मग खणाचा. रुमालात बांधलेला कागदांचा गठ्ठा सोडायचा नाही, क्रम मोडतो. पानाआधी फायलीचं कव्हर टिपायचं, नाहीतर कोर्टात पहिला प्रश्न येतो, हे पान आणलं कुठून? भिजलेलं दप्तर उन्हात पसरायचं नाही, कागद वाकडा होतो. टिपकागद घालून पंख्याखाली, तेही दोन दिवसांच्या आत, नंतर बुरशी. आमच्या विश्वामित्री नदीचा पूर पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

पण मुलाचं नाव शोधत आलेल्या आईला "थांबा, आधी फोटो" कोण म्हणणार? मी नाही म्हणणार. तिच्यासाठी दाराशी कुणीतरी वही घेऊन बसायला हवं होतं. नाव लिहून घ्या, पाणी द्या, आपण शोधून द्या.

फायलींत खोटंही असतं, मान्य. खबरे बढाया मारतात. म्हणून तर जर्मनीत १९९२ पासून ज्याची फाइल त्याला वाचायला देतात, तिऱ्हाइतांची नावं काळी करून.

आणि कैरो? ५ मार्च २०११ला लोक इजिप्तच्या गुप्त पोलिसांच्या, राज्य सुरक्षा खात्याच्या मुख्यालयात शिरले, कातरलेल्या कागदांचे ढीग सापडले. लष्करानं सांगितलं, उरलेलं आमच्याकडे आणून द्या. दहा दिवसांत खातं बरखास्त, आणि त्याच जागी नव्या नावाचं खातं उभं! जुलै २०१३मध्ये लष्करानं निवडून आलेल्या अध्यक्षालाच उचललं. राग येतो हो.

"माणूस पळाला ना?" पळाला. मॉस्कोत आहे. कोठडीच्या वहीत रोज नोंद करणारा कारकून पळालेला नाही, तो आपल्या घरी आहे. त्याचं अक्षर त्या पायाखालच्या कागदांवर होतं रे.