गल्लीतली दुसरी केबल: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया खरमरीत आहे, पण मुद्द्याची आहे, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: फायबर, म्हणजे इंटरनेटची केबल, मीटरला काही रुपयांत मिळतं, तरी इंटरनेट कंपन्या खर्चाचं रडगाणं गातात. 'एका गल्लीत दुसरी केबल म्हणजे नासाडी' हे माझं विधान मक्तेदारीची वकिली आहे. आणि केबलचं काम सरकारकडे दिलं की त्याचं भारतनेट (गावोगाव फायबर नेण्याची रखडलेली सरकारी योजना) होतं.

फायबर स्वस्तच आहे, त्यावर आपला वाद नाही. पैसा जातो तो चर खणण्यात, परवानग्यांत आणि रस्ता पूर्ववत करण्यात. खोदाई स्वस्तात उरकायचा प्रयोग गूगल फायबरने अमेरिकेतल्या लुइव्हिल शहरात केला. रस्त्यात जेमतेम 2 इंच खोल खाच पाडून केबल बसवली. ती ठिकठिकाणी वर आली. 2019 मध्ये कंपनीने तिथून गाशा गुंडाळला आणि रस्ते नीट करण्यासाठी शहराला 38.4 लाख डॉलर द्यायचं कबूल केलं.

पण धंदा तरणार की बुडणार हे खोदाईपेक्षाही एका गोष्टीवर ठरतं: केबल ज्यांच्या दारावरून गेली, त्यांतली किती घरं कनेक्शन घेतात? पुढचे आकडे माझे, फक्त हिशेबापुरते. 100 घरांच्या गल्लीत केबल फिरवायला 6 लाख लागले. 40 घरांनी कनेक्शन घेतलं तर गिऱ्हाइकामागे 15,000 पडले, 15 घरांनी घेतलं तर 40,000. बिलातून कर, बँडविड्थ, केबलवाल्याचा वाटा आणि दुरुस्ती वजा जाता महिना 250 रुपये उरत असतील, तर पहिल्या गल्लीत पैसे 5 वर्षांत सुटतात, दुसरीत 13 वर्षं उलटून जातात. यात व्याज नाही, घरात ओढायची वायर आणि मोडेमही नाही. आता 40 गिऱ्हाइकांच्या गल्लीत दुसरी कंपनी आली की वाटणी 20-20 होते. चर दोन, गिऱ्हाइकं तेवढीच. सुरुवातीला बिल उतरतं खरं, पण तो दुप्पट खर्च कधीतरी कुणाच्यातरी बिलात येतोच.

'मग आपल्याकडे इंटरनेट स्वस्त कसं?' असं तुम्ही विचारता. कारण आपल्याकडे कितीतरी गल्ल्यांत चर खणलेलाच नाही. केबल टीव्हीच्या काळापासून तारा गच्चीवरून गच्चीवर, खांबावरून खांबावर ओढल्या आहेत. (गणपतीची उंच मूर्ती निघाली की त्या उचला, नाहीतर कापा!) ऑक्टोबर 2018 मध्ये रिलायन्सने डेन आणि हॅथवे या केबल टीव्ही कंपन्यांमधला बहुसंख्य हिस्सा सुमारे 5,230 कोटींना घ्यायचं जाहीर केलं, ते टीव्हीच्या हौसेपोटी नसावं. त्यांच्याशी जोडलेल्या हजारो स्थानिक केबलवाल्यांची वाट थेट घरात जात होती. पैशाला तोटा नसलेल्या कंपनीलाही दारोदार नव्याने शिरण्यापेक्षा हा सौदा बरा वाटला, असा मी त्याचा अर्थ लावतो. स्वस्त इंटरनेटचं तुमचं उदाहरण उलट माझ्याच बाजूने साक्ष देतं.

आता मक्तेदारी. मी केबल एक म्हणालो होतो, कंपनी एक नव्हे. स्टॉकहोम शहराने 1994 मध्ये स्टोकॅब ही स्वतःची कंपनी काढली. ती फायबर टाकते आणि मागेल त्या कंपनीला भाड्याने देते, स्वतः इंटरनेट विकत नाही. चर एकदाच, स्पर्धा त्याच्या वर.

भारतनेटबद्दलचा राग मला समजतो, पण तिथला रोग वेगळा आहे. 2011 मध्ये मंजूर झालेली ती योजना ग्रामपंचायतीपर्यंत फायबर न्यायची होती. पुढे घरोघर कोण जाणार, गिऱ्हाईक कोण मिळवणार, हे अधांतरी राहिलं. त्यात गावं एका ओळीत जोडलेली, मधे केबल तुटली की पुढची सगळी बंद. म्हणूनच 2023 मध्ये मंजूर झालेल्या 1,39,579 कोटींच्या सुधारित योजनेत वलयाकार जोडणी (एका बाजूने तुटली तरी दुसरीकडून चालू) आणि 10 वर्षांची देखभाल धरावी लागली.

सरकारी यंत्रणेला देखभाल झेपेल का, ही तुमची शंका मात्र मलाही आहे. म्हणून शहरांत डक्ट (केबल घालायची जमिनीखालची नळी) महापालिकेचं, देखभालीचं कंत्राट वेगळं, भाड्याचा दर सगळ्या कंपन्यांना सारखा आणि तुटलेली केबल ठरलेल्या तासांत जोडली नाही तर कंत्राटदाराला दंड, ही मांडणी मला पटते. यात कुठे भोक दिसत असेल तर जरूर लिहा.