जेसोर-खुलना ‘शिक्षा’ म्हणून पाकिस्तानला दिले गेले का?

१४ एप्रिल किंवा ६ डिसेंबर जवळ आला की एक मजकूर हमखास फिरू लागतो: बाबासाहेब १९४६ साली बंगालच्या जेसोर-खुलना मतदारसंघातून संविधान सभेवर निवडून आले, आणि तिथल्या जनतेला धडा शिकवायचा म्हणून काँग्रेसने जेसोर, खुलना, बारिसाल व फरीदपूर हे चार हिंदूबहुल जिल्हे पाकिस्तानला देऊन टाकले. आता तर व्यासपीठावरूनही हे ठासून सांगितले जाते. हे खोडून काढायला हवे, कारण ज्यांनी बाबासाहेबांना खरोखर निवडून आणले त्यांचे श्रेयच यात पुसले जाते.

आधी मतदारसंघाचे पाहू. संविधान सभेसाठी जनतेने मतदान केलेच नव्हते. ब्रिटिश मंत्र्यांच्या कॅबिनेट मिशनने आखलेल्या योजनेप्रमाणे जुलै १९४६ मध्ये प्रांतिक विधानसभांच्या आमदारांनी पसंतीक्रमाची मते देऊन सदस्य निवडले. बंगालच्या वाट्याला ६० जागा होत्या. ३३ मुस्लिम, २७ सर्वसाधारण. या २७ जागांसाठी अख्ख्या प्रांतातल्या बिगरमुस्लिम आमदारांचा एकच गट होता. जेसोर आणि खुलना हे १९३५ च्या भारत सरकार कायद्याखालचे बंगाल विधानसभेचे मतदारसंघ. तिथल्या मतदारांनी आपले आमदार निवडले, बाबासाहेबांच्या नावापुढे शिक्का मारला नाही. मग शिक्षा द्यायची तरी कोणाला?

मजकुरातला एक धागा मात्र खरा आहे. १९४६ च्या प्रांतिक निवडणुकीत बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन या पक्षाचा दारुण पराभव झाला होता, आणि मुंबई विधानसभेतून बाबासाहेबांना पाठवण्याइतकी मते पक्षाकडे नव्हती. काँग्रेस तेव्हा त्यांच्या विरोधातच उभी होती, हे लपवायचे कारण नाही. बंगालमध्येही फेडरेशनचा आमदार एकच होता, बारिसालकडचे जोगेंद्रनाथ मंडल. नामशूद्र या बंगालमधल्या दलित शेतकरी समाजातून आलेल्या या माणसाने फेडरेशनबाहेरच्या दलित आमदारांची एकेक पसंती जोडत नेली आणि बाबासाहेबांना दिल्लीला पाठवले. केवढे हे काम! आज महाराष्ट्रात किती जणांना हे नाव ठाऊक आहे?

‘चार हिंदूबहुल जिल्हे’ हे तर १९४१ च्या जनगणनेपुढे टिकतच नाही. जेसोरमध्ये साधारण ६० टक्के मुस्लिम, फरीदपूरमध्ये त्याहून जास्त, बारिसाल ज्याचे मुख्य ठाणे त्या बाकरगंज जिल्ह्यात ७० टक्क्यांच्या वर. चारांपैकी एकट्या खुलन्यात मुस्लिम निम्म्याहून किंचित कमी होते.

म्हणूनच खुलन्याची गोष्ट नीट सांगायला हवी. १९४७ च्या भारतीय स्वातंत्र्य कायद्यात पूर्व बंगालच्या जिल्ह्यांची तात्पुरती यादी आहे. त्या यादीत जेसोर आहे, खुलना नाही! खुलना भारतात धरले गेले होते आणि १५ ऑगस्टला तिथे तिरंगा फडकला. खुलना भारतातच राहावे, अशी मागणी काँग्रेसनेही सीमा आयोगापुढे केली होती. १७ ऑगस्टला या आयोगाचा, म्हणजे रॅडक्लिफ यांचा, निवाडा जाहीर झाला तेव्हा खुलना पलीकडे गेले, आणि मुस्लिमबहुल मुर्शिदाबाद भारतात आले. कलकत्ता बंदर ज्या हुगळीवर चालते तिच्या वरच्या प्रवाहांचा प्रश्न मुर्शिदाबादशी जोडलेला होता. जेसोरही पूर्ण गेले नाही, त्याचा बनगाव-गायघाटा भाग आज पश्चिम बंगालमध्ये आहे. खुलन्याच्या नामशूद्रांवर या रेषेने घोर अन्याय केला. त्यांच्यासारख्याच निर्वासितांच्या बंगाली वस्त्या आपल्या गडचिरोलीत मुलचेऱ्याकडे आजही आहेत. पण त्या अन्यायाचे कारण बाबासाहेबांना मिळालेली मते नव्हे.

राहिला सूडाचा आरोप. फाळणीमुळे बाबासाहेबांची बंगालची जागा जाणार हे दिसताच ३० जून १९४७ रोजी राजेंद्रप्रसादांनी मुंबईचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांना पत्र लिहिले: संविधान सभेतले त्यांचे काम इतके मोलाचे आहे की त्यांना ताबडतोब मुंबईतून निवडून पाठवा. मुकुंदराव जयकरांच्या राजीनाम्याने रिकाम्या झालेल्या जागेवर जुलैमध्ये ते निवडूनही आले, काँग्रेसच्या मतांवर. रॅडक्लिफची रेषा तेव्हा जाहीरही झालेली नव्हती. ऑगस्टमध्ये ते कायदामंत्री झाले, आणि २९ ऑगस्टला मसुदा समिती नेमली गेली तेव्हा सदस्यांत त्यांचे नाव होते; लगेचच ते तिचे अध्यक्ष झाले.